काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून

जून २०१३. त्या दिवशी गाडी काढली नाही आणि लायसन्सचं रिन्यूअल करायला आरटीओत गेलो. तेव्हा टॅक्सीवाल्याचं लायसन्स तीन वर्षांचंच असायचं. दर तीन वर्षांनी डॉक्टरचा फॉर्म, फोटो, फी आणि रांग. माझा बिल्ला १९९८ सालचा, म्हणजे ही पाचवी खेप. सगळं पाठ होतं, झेरॉक्स कुठल्या टपरीवर स्वस्त मिळते तेसुद्धा.

खिडकीतल्या माणसानं नंबर टाकला. स्क्रीनकडं बघितलं. पुन्हा टाकला. मग म्हणाला, "तुमचं तर रद्द झालंय."

मला वाटलं, मुदत संपली म्हणतोय. म्हटलं, "साहेब, अजून आठ दिवस आहेत की."

"मुदत नाही हो. रद्द. जानेवारीतच. चला, मागचा कोण आहे?"

मागचा पुढं आला, मी बाजूला झालो. बाहेर कट्ट्यावर येऊन बसलो. खरं सांगतो, धंदा बुडाला हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आले ते मधले पाच महिने. जानेवारी ते जून मी रोज बारा तास गाडी चालवली होती. बारावीच्या परीक्षेची पोरं नेली, विमानतळाची भाडी केली, एकदा तर कळा सुरू झालेली बाई नेली. त्यातल्या एखाद्या दिवशी कुठं ठोकली असती, तर विमा कंपनीनं सगळ्यात आधी लायसन्स मागितलं असतं, आणि कागदावर मी ड्रायव्हरच नव्हतो. जूनच्या उकाड्यात हातपाय गार पडले.

गेटाबाहेरच्या एका एजंटला विचारलं. तो हसला. "कशाला भांडत बसता? दुसऱ्या आरटीओतून नवीन काढून देतो, पत्ता बदलून." रक्कमही सांगितली. मी नको म्हटलं, पण त्यात माझा फार प्रामाणिकपणा होता असं नाही. खोट्या कागदावर सापडलो तर आहे तेही जाईल, एवढीच भीती. पुढं वकीलबाईंनी कलम वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की फसवून लायसन्स काढणं हे रद्द करायचं एक वेगळं कारणच कायद्यात दिलंय.

आदेशाची प्रत मिळायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला एक पान हातात पडलं. छापील नमुना, मधल्या रिकाम्या जागा पेनानं भरलेल्या. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "सदर चालक हा प्रवाशांशी वारंवार गैरवर्तन करीत असल्याचे निदर्शनास आले असून, कारणे दाखवा नोटिशीस विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्याने, त्यास काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून…" आणि पुढं रद्द.

गैरवर्तन कुठलं, कधी, कुणाशी, एक अक्षर नाही. नोटीस म्हणजे कुठली, तेही मला ठाऊक नव्हतं.

आमच्या स्टँडवर एक म्हातारा ड्रायव्हर होता, आम्ही त्याला तात्या म्हणायचो. त्याचा एक नियम: सरकारी कागद घेताना सहीखाली तारीख घालायची. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी सवयीनं रजिस्टरात सही केली आणि खाली १८ जून २०१३ घातलं. कारकून म्हणाला, "तारीख कशाला? आदेश जानेवारीचा आहे." मी म्हटलं, "हातात आज आला ना."

त्याच दिवशी टॅक्सीचं लायसन्स आणि बिल्ला जमा करायला लागला. धातूचा तो तुकडा पंधरा वर्षं शर्टाच्या खिशावर होता. माझ्या सगळ्या खाकी शर्टांना तिथंच दोन भोकं आहेत. पोच मागितली तर आधी नाही म्हणाले. मी उभाच राहिलो, तेव्हा एका चिठ्ठीवर लिहून दिली.

युनियनच्या ऑफिसात दर शनिवारी दुपारी एक वकीलबाई बसायच्या. वय तिशीच्या आत, आवाज बारीक. मी मनात म्हटलं, ही पोरगी काय करणार? त्यांनी आदेश वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूपण बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, हा कागद तुमच्या हातात कधी आला?"

१८ जून म्हणालो. रजिस्टरात तारखेसकट सही आहे म्हणालो. त्या पहिल्यांदा हसल्या.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९. लायसन्स देणारा अधिकारी ते रद्द करू शकतो, किंवा ठराविक काळापुरतं बंद ठेवू शकतो. पण त्याच कलमात दोन अटी घातल्यात. ज्याचं लायसन्स आहे त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायची, आणि कारणं लेखी नोंदवायची. याच्यावर अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. निघाल्यापासून नव्हे, मिळाल्यापासून. जानेवारीपासून मोजलं असतं तर मी केव्हाच बाद होतो. तात्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग? मी काय उगाच सांगतो?"

"अपिलात जो निकाल लागेल तो शेवटचा," बाई म्हणाल्या. "त्याच्यापुढं सरळ हायकोर्ट, रिट करून. तिथवर जायचा खर्च तुम्हाला झेपणार नाही. म्हणून जे काय आहे ते इथंच नीट मांडायचं. आणि काका, मला सगळं खरं सांगायचं."

मी म्हटलं, "खरंच सांगतोय." तेव्हा मला तसंच वाटत होतं.

सोबत केंद्रीय नियमांतला २१ नंबरचा नियम होता. ड्रायव्हरच्या कुठल्या वागण्याला लोकांना त्रास किंवा धोका म्हणायचं त्याची यादी. पॅसेंजरशी उर्मटपणा, गाडी चालवताना बिडी-सिगारेट, जवळच्या रस्त्यानं न नेणं, जास्त पैसे मागणं, पहिलं आलेलं भाडं नाकारणं, मग ते कितीही जवळचं असो. बाई वाचत होत्या आणि मला वाटत होतं की ही यादी करणारा माणूस आमच्याच स्टँडवर चहा पीत बसला होता. आम्ही सगळे त्या यादीत कुठं ना कुठं होतो.

पॅसेंजर आमच्यावर तेव्हा किती भडकलेले होते, हेही सांगायला हवं. २०१० च्या ऑगस्टमध्ये लोकांनी एक दिवस रिक्षा-टॅक्सीत बसायचंच नाही असं ठरवलं होतं. 'मीटर जॅम' म्हणायचे त्याला. आम्ही हसलो होतो. पण तिथून पुढं तक्रार करायची लोकांना सवय लागली, आणि ती नसती लागली तरच नवल.

तक्रारी कोणत्या, ते आदेशात नव्हतं. म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. तो अर्ज मी स्वतः लिहिला. बाईंनी एवढंच सांगितलं होतं: "प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'का केलंत' म्हणून विचारलं तर उत्तर येणार नाही. 'फाइलीतल्या सर्व कागदांच्या प्रती द्या' म्हटलं की द्याव्याच लागतात." दरम्यान जुलैच्या १२ तारखेला अपील दाखल केलं. स्थगिती मागितली होती, म्हणजे निकाल लागेपर्यंत गाडी चालवू द्या अशी विनंती. ती मिळाली नाही. 'सुनावणीच्या वेळी विचार करू' असं तोंडी सांगितलं.

तेवढे महिने काय केलं? रद्द झालं होतं ते भाड्याची गाडी चालवायचं. साध्या कारचं लायसन्स शाबूत होतं. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी चालवली. रस्ते तेच, सिग्नल तेच, हात तेच, फक्त मीटर नाही. पगार टॅक्सीच्या निम्म्याला जरा वर. बायकोनं चार डबे सुरू केले होते, त्याचे सात झाले. पोरीच्या कॉलेजची फी गणपतीपर्यंत थांबवली. डॉक्टर भला माणूस. पण गाडीत मागं बसून ते फोनवर कुणाला तरी 'नवा ड्रायव्हर मिळालाय, टॅक्सीवाला होता' असं म्हणायचे, तेव्हा तो 'होता' कानाला लागायचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला माहिती आली. अकरा पानं, दोन रुपये पान, बावीस रुपये.

तीन तक्रारी. पहिली मे २०१२ ची, दादर, संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं, भाडं नाकारलं आणि शिवीगाळ. दुसरी ऑगस्टची, रात्री सव्वा वाजता, जास्त पैसे घेतले. तिसरी ऑक्टोबरअखेरची, परळमधल्या एका हॉस्पिटलबाहेर, दुपारी पावणेपाचची. तिन्हीत ड्रायव्हरचं नाव नाही. गाडीचा नंबर आहे. आणि तिन्ही माझ्या नावावर टाकलेल्या, कारण त्या नंबरसमोर मालकानं ड्रायव्हर म्हणून कधीकाळी माझं एकट्याचं नाव लिहून दिलं होतं.

काळी-पिवळी चोवीस तास चालते, माणूस नाही. एका गाडीवर दोन ड्रायव्हर. मी दिवसपाळी, पहाटे पाच ते संध्याकाळी पाच. पुढं जोडीदार. पॅसेंजरला हे कसं ठाऊक असणार? त्याला मागची नंबरप्लेट दिसते. तक्रारदारांचं काही चुकलं नव्हतं. पण तक्रार टेबलावर आल्यावर, त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो कुणी विचारला नाही.

पहिल्या दोन तक्रारी वाचून मला हायसं वाटलं. पाचनंतरच्या होत्या, माझ्या नव्हेत. मग तिसरी उलगडली. दोन पानं, हातानं लिहिलेली, सुबक मराठी अक्षर. एका बाईनं लिहिलं होतं की वडिलांच्या पायाला प्लास्टर घालून त्या हॉस्पिटलच्या बाहेर आल्या, करी रोडला जायचं होतं, टॅक्सीवाला म्हणाला, "एकोणीस रुपयांसाठी गाडी वळवू का? जवळच आहे, चालत जा."

त्याच महिन्यात कमीत कमी भाडं १७ चं १९ झालं होतं. वाक्य माझंच होतं. वाचताना माझा आवाज मलाच ऐकू आला.

पावणेपाचची वेळ ड्रायव्हरला वाईट. पाच वाजता वडाळ्याला गाडी द्यायची, गॅस भरून द्यायची, उशीर झाला तर जोडीदाराशी कटकट. हे सगळं मी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. त्यात एक ओळ होती: 'सदर प्रवाशाच्या पायास प्लास्टर असल्याचे अपीलकर्त्याच्या लक्षात आले नाही.' ती मीच सांगितलेली. शनिवारी सही करायला गेलो, मसुदा वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसलो.

"काय झालं काका?"

"मॅडम, दिसलं होतं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. पंख्यानं कागद उडत होता, त्याच्यावर त्यांनी डबा ठेवला. मग म्हणाल्या, "खोडायची का ओळ?"

"खोडा."

"मग तिसरी तक्रार आपण मान्य करतोय. त्याची शिक्षा होईल."

"झालीच पाहिजे ना." हे बोलताना मी मोठा शूर वाटलो असेन. जिना उतरताना मात्र पाय लटपटत होते, आणि घरी बायकोला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

बाईंना मात्र त्यात फायदाही दिसत होता. त्यांचं म्हणणं, तिन्ही खोट्या म्हणणारा माणूस रोज येतो, त्या खुर्चीला त्याची सवय आहे. एक माझी, दोन माझ्या नव्हेत, असं म्हणणारा आला की अधिकाऱ्याला ती दोन पानं तरी वाचावी लागतात.

आता दोन माझ्या नव्हेत हे दाखवायचं कसं? मे महिन्यातल्या त्या दिवशी मी गावी होतो, माण तालुक्यात. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावायची होती. एसटीचं तिकीट मी जपून पाकिटात ठेवलं होतं. काढून बघतो तर कोरं. ते मशीनचं तिकीट, त्याच्यावरची शाई उन्हातान्हानं उडून जाते. पांढऱ्या कागदाचा तुकडा मी वर्षभर जपला होता. मग गावी जाऊन तलाठ्याकडून त्या तारखेच्या माझ्या जबाबाची नक्कल आणली. खाली माझी सही, तारीख, शिक्का.

सव्वा वाजताच्या तक्रारीला पुरावा होता तो मालकाच्या वहीत. रोज कुठली पाळी कुणी नेली, किलोमीटर किती, पैसे किती, सगळं त्यात असायचं. पण मालक वही देईना. त्याचं म्हणणं, "ड्रायव्हरवरची पीडा परमिटवर येईल." त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. परमिटच्या अटी मोडल्या तर परमिट बंद किंवा रद्द करायची तरतूद वेगळ्या कलमात आहे, ८६ मध्ये. बाईंनी त्याला फोनवर अर्धा तास समजावलं की त्यालाही आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं, परस्पर काही होत नाही. मी मनात म्हटलं, हे तुम्ही माझ्या बाबतीत बघताय ना, मॅडम.

आणि जोडीदार. सहा वर्षं एका गाडीवर होतो आम्ही. त्याची दोन लहान पोरं. वही पुढं आली की त्याचं नाव पुढं येणार. एका रात्री वडाळ्याला त्याला गाठलं आणि सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही तुमचं बघा." राग होता की मुभा होती, मला कळलं नाही. बाईंना मी म्हटलं, त्याचं नाव अर्जात लिहू नका. त्या म्हणाल्या, "आपल्याला तुम्ही नव्हता एवढंच दाखवायचंय." तसं म्हटलं की पळवाट सभ्य दिसते. नाव मी तोंडानं घेतलं नाही, पण वहीत होतं, आणि वही मीच मागवली होती.

सुनावणीची पहिली तारीख सप्टेंबरात, पुढं गेली. दुसरी ऑक्टोबरात, अपील ऐकणारे साहेब मीटिंगला. दिवाळीनंतर तिसरी, आणि ती झाली.

कोर्टासारखं काही नव्हतं. एक टेबल, साहेब, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला आरटीओकडून आलेला एक इन्स्पेक्टर. मागं बाकावर मालक. आला होता तो अखेर, कापडी पिशवीत वही घेऊन. का आला, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

बाईंनी नोटिशीपासून सुरुवात केली. इन्स्पेक्टर म्हणाला, "नोटीस रजिस्टर एडीनं पाठवली होती. चालकानं पत्ता बदलल्याचं कळवलं नाही." हे खरं होतं. आमची चाळ २०११ मध्ये रीडेव्हलपमेंटला गेली, आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो. रेशनकार्ड बदललं, गॅस बदलला, लायसन्सवरचा पत्ता राहिला. ती चूक माझी.

"पाठवली," बाई म्हणाल्या, "पण पोचली का? फाइल बघावी साहेब."

फाइलीच्या तळाशी एक खाकी पाकीट होतं. बंद. वर पोस्टमननं निळ्या शाईनं लिहिलं होतं: 'इमारत पाडली. परत.' म्हणजे नोटीस पोचली नाही हे आदेश काढणाऱ्याच्या फाइलीतच होतं. पाकीट परत आलं, कुणीतरी ते नीट भोक पाडून फाइलीला लावलं, आणि त्याच फाइलीत पुढचं पान घातलं की खुलासा आला नाही.

साहेबांनी पट्टीनं पाकीट फोडलं. आतली नोटीस वाचून माझ्यापुढं सरकवली. डिसेंबर २०१२ ची. सात दिवसांत खुलासा करा. तिन्ही तक्रारींचे नंबर, तारखा, सगळं तिच्यात होतं. लिहिल्यानंतर अकरा महिन्यांनी मी ती पहिल्यांदा वाचत होतो.

मग इन्स्पेक्टर तोंडी कारणं सांगायला लागला, या चालकाचं वागणं कसं, अशा लोकांमुळं खात्याचं नाव कसं खराब होतं. बाईंनी त्याला थांबवलं. सुप्रीम कोर्टाचा १९७७ चा एक निकाल आहे, मोहिंदर सिंग गिल यांच्या खटल्याचा. आदेश टिकायचा तर त्यात लिहिलेल्या कारणांवर टिकतो, मागाहून प्रतिज्ञापत्रात किंवा तोंडानं नवी कारणं जोडता येत नाहीत. तो प्रकार निवडणुकीचा होता, पण तत्त्व सगळीकडं चालतं म्हणे. दुसरा निकालही सुप्रीम कोर्टाचाच, पण मुंबईतल्या खटल्याचा, १९८५ चा, ओल्गा टेलिस. फुटपाथवर राहणाऱ्यांचा. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, तो काढून घ्यायचा तर रीतसर, म्हणणं ऐकून, असं कोर्ट त्यात म्हणालं. परत येताना बाई म्हणाल्या की त्या लोकांना फुटपाथवर राहायचा हक्क मात्र त्या निकालानं दिला नाही. मला ते दिवसभर चावत राहिलं. ज्यांच्या नावानं मी भांडलो, त्यांना काय मिळालं?

साहेब काही साधे नव्हते. तलाठ्याची नक्कल बघून म्हणाले, "सकाळी जबाब देऊन संध्याकाळी दादरला पोचता येतं. जबाबावर वेळ कुठाय?" बाई गप्प. मी गप्प. ही शंका आम्हाला कुणालाच आली नव्हती. मग मालक उठला. वही टेबलावर ठेवली, पण हातातून सोडली नाही. एक कोपरा त्याच्या चिमटीत, पान साहेबांच्या पुढं. मे महिन्याच्या त्या आठवड्यात माझ्या नावापुढं सलग चार दिवस 'गावी' असं लिहिलेलं. ऑगस्टच्या त्या रात्री दुसरं नाव. साहेबांनी ते नाव वाचलं, मान वर केली.

"हा कोण?"

"रात्रपाळीचा," मालक म्हणाला.

साहेबांनी टाचण केलं. मी खाली फरशीकडं बघत होतो.

शेवटी मला विचारलं, "तिसरीबद्दल काय म्हणणं आहे?" पाच महिने ज्या प्रश्नासाठी चाललं होतं, तो आला, आणि मला दोनच वाक्यं सुचली. "साहेब, ती माझी आहे. तक्रारीत त्या बाईंनी लिहिलंय तसंच झालं होतं."

"प्लास्टर दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि "ठीक आहे, आदेशासाठी बंद" म्हणाले.

आदेश जानेवारी २०१४ मध्ये आला, पोस्टानं, ट्रान्झिट कॅम्पाच्या पत्त्यावर. या खेपेला पाच पानं. नोटीस बजावली गेली नाही, संधी दिली नाही, कारणं नोंदवली नाहीत, म्हणून रद्दचा आदेश बाजूला. पहिल्या दोन तक्रारी माझ्यावर शाबीत नाहीत. तिसरी कबूल, म्हणून तीन महिन्यांसाठी अपात्र, आणि ते तीन महिने बिल्ला जमा केला त्या दिवसापासून धरावेत.

बिल्ला जमा करून सात महिने झाले होते. मी बाईंना विचारलं, "तीन वजा केले तर चार उरतात. त्यांचं काय?"

"त्यांचं काही नाही काका."

"म्हणजे?"

"म्हणजे भरपाई मागायला वेगळं कोर्ट, वेगळी फी, वेगळी वर्षं. मागायची का?"

मी नको म्हटलं. फीबद्दल विचारलं तर त्यांनी झेरॉक्स आणि स्टँपाचेच पैसे घेतले. बायकोनं त्यांच्यासाठी बाजरीच्या भाकरी आणि खर्डा दिला होता, तो मात्र आनंदानं घेतला.

त्या करी रोडच्या बाईंना पत्र लिहावं असं बऱ्याचदा मनात आलं. पत्ता तक्रारीच्या प्रतीवर काळा केलेला होता. तो काळा केला हे योग्यच. जोडीदाराला पुढं काही नोटीस आली नाही. नंतर वर्षभरातच तो ॲपवाल्या गाडीवर गेला. भेटला की हात करतो, थांबत नाही.

बिल्ला परत घ्यायला गेलो तेव्हा खिडकीत नवा माणूस होता. ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं, झटकलं, बिल्ला टेबलावर पडला. नंबर तोच. मागची पिन मोडलेली. त्यानं रजिस्टर पुढं केलं. छापील ओळ होती: 'वरील बिल्ला सुस्थितीत मिळाला.' खाली सहीची जागा.

मी 'सुस्थितीत' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पिन मोडलेली'.

"अहो, कशाला?" तो म्हणाला. "दोन रुपयांची पिन."

मी सही केली. खाली तारीख घातली.